निर्सची पट्टी: लहान मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेत पहिला आकडा कसा घ्यायचा आणि पुढचे कसे वाचायचे

मुलांच्या कार्डियाक थिएटरात नवा टेक्निशियन आला की कपाळाला निर्सची (NIRS, म्हणजे अवरक्त प्रकाशाने मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज देणाऱ्या यंत्राची) पट्टी लावायचं काम त्याच्याकडे जातं. पट्टी तर चिकटवायची, त्यात शिकवायचं काय, असं सगळ्यांनाच वाटतं. मग एकच चूक पुन्हा पुन्हा होते. मुलाला भूल देऊन, नळी टाकून, शंभर टक्के ऑक्सिजन सुरू झाल्यावर निवांतपणे पट्टी लागते. स्क्रीनवर ७८ येतो, तोच कागदावर ‘बेसलाइन’ म्हणून उतरतो आणि पुढचे चार तास सगळी टीम त्या फुगलेल्या आकड्याशी तुलना करत बसते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुलंमुली हे काम करायला नाशिक, मुंबई, सुरतला जातात. काही जण इथेच बाहेरून येणाऱ्या टीमच्या हाताखाली उभे राहतात. त्यांच्यासाठी आणि भूलशास्त्राच्या नव्या रेसिडेंटसाठी हे लिहितो आहे. औषधांचे डोस यात नाहीत, ते त्या वेळी टेबलाशी असलेला भूलतज्ज्ञ ठरवेल. पट्टी, प्रोब, आकडा आणि त्यांचा क्रम एवढाच इथला विषय.

१. आधी समजून घ्या: दोन यंत्रं, दोन वेगळे प्रश्न

पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावलेल्या प्रोबमधून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो (साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटर) आणि ठोक्याबरोबर जेवढा भाग बदलतो तेवढाच मोजतो. म्हणून तो धमनीतल्या रक्ताचं सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिनवर किती टक्के ऑक्सिजन बसलाय ते, सांगतो. ठोका नसेल तर त्याला काहीच कळत नाही.

निर्स ठोक्याची वाट पाहत नाही. कपाळावरून आत गेलेला जवळचा अवरक्त प्रकाश कातडी, हाड आणि मेंदूच्या वरच्या थरातून वळून परत येतो, आणि पट्टीतले दोन डोळे तो टिपतात. जवळचा डोळा मुख्यतः कातडी-हाडाचा हिशोब देतो, लांबचा खोलवरचा. एकातून दुसरं वजा होतं. त्या भागातलं रक्त बहुतांश शिरांमधलं असतं, ढोबळमानाने ७० ते ७५ टक्के. म्हणून निर्सचा आकडा हा मेंदूने आपल्यापुरता ऑक्सिजन काढून घेतल्यावर मागे काय उरलं, याचा आकडा आहे.

आपल्याकडे हे समजवायला मी ठिबकचं उदाहरण देतो. मेन लाइनवर दाब चांगला दिसतोय म्हणून केळीच्या शेवटच्या झाडाच्या बुडाशी ओल आहेच, असं कोणी शेतकरी म्हणत नाही. तो जाऊन माती उकरून बघतो. पल्स ऑक्सिमीटर मेन लाइन सांगतो, निर्स बुडाशी उरलेली ओल. दोन्ही लागतात.

यातून एक गोष्ट लगेच निघते. मूल हार्ट-लंग मशीनवर (थिएटरातल्या भाषेत ‘पंपावर’) गेलं, हृदय थांबलं, की पल्स ऑक्सिमीटरची लाट सपाट होते. हा बिघाड नाही, प्रोब बदलत बसू नका. त्या वेळात कातडीवरून ऑक्सिजनचं काही सांगणारं निर्सच उरतं.

२. आदल्या संध्याकाळी: फाइल, कपाळ आणि हात

खरं काम इथेच आहे आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

फाइलमध्ये चार गोष्टी शोधा. मुलाचा आजार निळा की गुलाबी, म्हणजे अंगाला कमी ऑक्सिजनचं रक्त जाणारा फॅलोज टेट्रालॉजीसारखा की साध्या व्हीएसडीसारखा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक). आधी शंट (फुप्फुसाकडे रक्त वळवणारी जोडनळी) झालाय का, आणि कोणत्या बाजूला. महाधमनी कुठे अरुंद आहे का. आणि हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) किती. निळ्या मुलाचं रक्त मुळातच दाट असतं. मे महिन्यात शहाद्याहून किंवा रावेरहून चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एसटीने आलेलं, वाटेत उलट्या झालेलं असं मूल रात्रभर उपाशी ठेवलं तर ते आणखी दाट होतं. साधं पाणी भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालतं, काही युनिटमध्ये एक तासापर्यंत. आपल्या युनिटचा नियम विचारा आणि आईला घड्याळातली वेळ सांगा. “सकाळपर्यंत काही देऊ नका” असं मोघम सांगू नका.

पाचवी गोष्ट खास आपल्या भागाची: सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, तळोदा, किंवा सातपुड्याच्या पायथ्याची यावल-चोपड्याकडची आदिवासी पाडे, इथून आलेल्या मुलाच्या फाइलमध्ये सिकलचा रिपोर्ट नसेल तर तो संध्याकाळीच भूलतज्ज्ञाच्या कानावर घाला. साधी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तिथे थांबता येत नाही. आजार की फक्त वाहक, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने ठरतं. पंपावर थंडी, आम्लता आणि ऑक्सिजनची कमतरता एकत्र येऊ शकतात आणि सिकलच्या पेशीला या तिन्ही गोष्टी चालत नाहीत. रक्त बदलायचं का, शरीर किती थंड करायचं, हे परफ्युजनिस्टला (पंप चालवणाऱ्याला) आदल्या दिवशी ठरवावं लागतं. आपल्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवा की सिकलच्या आजारात मेंदूचा निर्स मुळातच कमी असू शकतो, आणि बोटावरचं सॅच्युरेशन प्रयोगशाळेतल्या को-ऑक्सिमीटरशी (रक्ताच्या नमुन्यातून सॅच्युरेशन मोजणारं यंत्र) जुळेलच असं नाही.

आता मूल बघा. पारोळ्याकडची एक आई मला म्हणाली होती, “पोऱ्या रडना का व्हट निळा पडतस.” हे वाक्य फाइलमध्ये कुठेच नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात कामाला तेच आलं. रडल्यावर निळं पडतं म्हणजे ऑक्सिजन एकदम घटून निळं पडण्याचे झटके (फिट नव्हे) येतात, म्हणजे या मुलाला टेबलावर रडवायचं नाही, म्हणजे पट्टी कधी लावायची तेही बदललं.

मग कपाळ. आपल्याकडे मोठ्या दवाखान्यात न्यायच्या आदल्या रात्री आजी डोक्याला तेल चोपडते आणि कपाळावर काजळाचा ठसठशीत टिळा लावते. काजळ प्रकाश शोषतं, तेलावर पट्टी चिकटत नाही. रागावू नका. टिळा तळपायाला लावायला सांगा, नजर तिथूनही उतरते. साबणपाण्याने कपाळ धुऊन घ्या आणि सकाळी पुन्हा तेल लावू नका, हे आजीला सांगा. आईला सांगून उपयोग नाही, तेलाची बाटली आजीकडे असते.

हाताला मेंदी, नखांना नेलपॉलिश, पायाला आळता, मनगटाला काळा दोरा, हे सगळं आजच बघून ठेवा. नेलपॉलिश निघतं. मेंदी निघत नाही, मग प्रोबसाठी दुसरं बोट, पायाचा अंगठा किंवा कानाची पाळी शोधावी लागते.

> तपासा: वजन आजचं आहे का? पट्टीचा आकार वजनावर ठरतो. तान्ह्या बाळाची, मुलाची आणि मोठ्याची पट्टी वेगळी असते आणि मर्यादा पाकिटावर छापलेली असते. बऱ्याच कंपन्यांत बाळाच्या पट्टीची हद्द ५ किलोच्या आसपास असते. दोन महिन्यांपूर्वीच्या कार्डावरचं वजन धरू नका.

३. मूल आत येण्याआधी यंत्र तयार

मॉनिटर चालू करून बॅटरीचा खांब बघा. लाइट गेली आणि जनरेटर यायला अर्धं मिनिट लागलं, तर मॉनिटर बंद पडून आधीचा आलेख पुसला जाऊ नये. मागच्या केसचा डेटा काढून टाका. मॉनिटरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळवा. नंतर “क्लॅम्प (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा) लावला तेव्हा आकडा किती होता” हा प्रश्न येतो आणि दोन घड्याळांत सहा मिनिटांचा फरक निघतो.

केबलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ‘डावा मेंदू’, ‘उजवा मेंदू’, ‘कंबर’ असं लिहा. पडदे टाकल्यावर खाली काहीच दिसत नाही, आणि डावं-उजवं उलट झालं तर महाधमनीच्या कमानीच्या शस्त्रक्रियेत चुकीच्या बाजूला शोधाशोध सुरू होते.

एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडायचा जुगाड करू नका, आणि एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावरच्या आकड्याशी ताडू नका. प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

४. कपाळावरची पट्टी

कपाळ पुन्हा एकदा कोरड्या गॉजने पुसा. स्पिरिट वापरलं तर पूर्ण वाळू द्या. नवजात बाळाच्या नाजूक कातडीवर स्पिरिट घासू नका.

भुवयांच्या वर, केसांच्या खाली, मध्यरेषेच्या एका बाजूला अशी पट्टीची जागा. अगदी मध्यावर खाली मोठी शिर असते, तिथलं रक्त आकडा बिघडवतं. जावळ दाट आणि खाली उतरलेलं असेल तर केस बाजूला करा. केसांवरून लावलेली पट्टी आकडा दाखवते, पण तो खोटा असतो. जन्मखूण, सुजलेली जागा, बाळंतपणातलं डोक्यावरचं टेंगूळ, यांवर लावू नका.

दोन पट्ट्या लावायच्या असतील तर त्या एकमेकींवर चढता कामा नयेत, नाहीतर एकीचा प्रकाश दुसरीच्या डोळ्यात जातो. अडीच किलोच्या बाळाच्या कपाळावर दोन मावतच नाहीत. तिथे एकच लावा आणि कोणत्या बाजूला लावली ते लिहा.

चिकटवताना मधून कडेकडे बोट फिरवा. फुगा राहू देऊ नका, पण दाबूही नका, दाबलं तर खालचं रक्त सरकतं आणि कातडीला इजा होते. वायर कानावरून मागे घ्या आणि गालाजवळ सैल वळसा ठेवून चिकटवा. तिच्यावर डोकं ठेवलं गेलं तर चार तासांत डोक्याच्या कातडीला खड्डा पडतो. शेवटी वरून गडद कापडाचा किंवा अपारदर्शक कागदाचा तुकडा. ऑपरेशन थिएटरचा (ओटीचा) दिवा आणि बाळाचा वॉर्मर दोघांचाही प्रकाश कडेने आत शिरतो.

> सावध: ही पट्टी एकदाच वापरायची आहे. ती महाग असते हे मला माहीत आहे, आणि धुऊन-पुसून पुन्हा लावली जाते हेही. गोंद गेलेली पट्टी वरून टेपने बांधली की कडेला फट राहते, आणि त्या फटीतून आलेल्या उजेडावर एखाद्या मुलाच्या मेंदूचा निर्णय होतो. माझं मत विचाराल तर खोट्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा. तेव्हा निदान टीमला शंका तरी असते.

५. कंबरेची पट्टी

लहान बाळात दुसरी पट्टी मूत्रपिंडावर लावतात. पाठीला, कण्याच्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या आसपास, दहाव्या छातीच्या मणक्यापासून दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापर्यंतचा पट्टा. सोनोग्राफीचा प्रोब हाताशी असेल तर मूत्रपिंड किती खोल आहे ते बघून घ्या. साधारण १० किलोच्या पुढच्या मुलात प्रकाश तिथवर नीट पोचत नाही आणि खालच्या स्नायूचाच आकडा येतो. तरी ती लावा, फक्त तिला ‘मूत्रपिंड’ न म्हणता ‘खालचं अंग’ म्हणा.

बाळ स्थिर असेल तर कंबरेचा आकडा मेंदूपेक्षा पाच ते पंधराने जास्त असतो. खालचा आकडा मेंदूच्या बरोबरीला आला किंवा खाली गेला, तर शरीर खालचा पुरवठा तोडून मेंदू जगवतंय असं समजा. हा इशारा बऱ्याचदा बीपी पडण्याआधी येतो.

६. पल्स ऑक्सिमीटर: कोणता हात, कोणता पाय

“जिथे लाट चांगली येते तिथे लावा” हा सल्ला हर्नियाच्या केसला ठीक. इथे जागा आजारावर ठरते.

नेहमीची पहिली जागा उजवा हात. महाधमनीच्या कमानीतून पहिली फांदी तिकडे जाते. पण उजव्या बाजूला ब्लेलॉक-टॉसिग शंट झालेला असेल किंवा आज होणार असेल, तर त्या हाताचं रक्त फुप्फुसाकडे वळवलेलं असतं, तिथली लाट बारीक पडते. मग डावा हात किंवा पाय. महाधमनी अरुंद असेल तर उजवा हात आणि एक पाय, दोन्ही.

पीडीए (महाधमनी आणि फुप्फुसधमनी जोडणारी, जन्मानंतर बंद न झालेली वाहिनी) बांधायच्या केसमध्ये तर पायाच्या प्रोबवर नजर ठेवायचं काम तुमचंच. तान्ह्या बाळात पीडीए कधीकधी महाधमनीएवढाच जाड असतो. सर्जन गाठ मारण्याआधी क्लॅम्प लावून विचारतात, “पाय आहे?” तुम्ही फक्त लाट बघायची. हाताची लाट चालू आणि पायाचीही चालू, तर “आहे” म्हणा. पायाची सपाट झाली तर मोठ्याने “पाय गेला” म्हणा, क्लॅम्प लगेच निघेल. तो बहुधा महाधमनीवर बसलेला असतो. इथे “बघतो सर, प्रोब हलला असेल” असं म्हणत वाकलात तर तेवढा वेळ गेला. म्हणून पायाचा प्रोब क्लॅम्पच्या पाच मिनिटं आधीच पक्का करा, पायाला कापूस गुंडाळा, थंड पडू देऊ नका.

बीपीचा कफ प्रोबच्या हातावर बांधू नका. कफ फुगला की लाट जाते आणि दर तीन मिनिटांनी सगळे दचकतात.

> सावध: सॅच्युरेशन ७०-८० च्या खाली गेलं की पल्स ऑक्सिमीटरवर भरवसा कमी होतो. यंत्रं निरोगी माणसांवर जुळवलेली असतात आणि कमी आकड्यांत ती बऱ्याचदा खरं असतं त्यापेक्षा जास्त दाखवतात. सावळ्या कातडीत ही चूक वाढते. निळ्या मुलात ७४ दिसत असेल तर धमनीच्या रक्ताची तपासणी करून खरा आकडा लिहा. रंगद्रव्याचं इंजेक्शन दिलं, मिथिलीन ब्लू वगैरे, तर काही वेळ आकडा धाडकन खाली दिसतो. त्या क्षणी मूल बघा, स्क्रीन नंतर.

७. पहिला आकडा

आता मूळ मुद्दा. पट्टी भूल देण्याआधी, ऑक्सिजनचा मास्क लागण्याआधी, मूल शांत असताना लावा. आईच्या मांडीवर, गोळी किंवा नाकातल्या औषधाने गुंगी आल्यावर सगळ्यात सोपं जातं. आकडा एक-दोन मिनिटं स्थिर राहू द्या आणि मग मॉनिटरवर बेसलाइनचं बटण दाबा.

कागदावर नुसता आकडा लिहू नका. असं लिहा: वेळ ७:५०, साध्या हवेवर, गुंगीत, सॅच्युरेशन ७६, बीपी इतकं, डावा मेंदू ५३, उजवा ५४, कंबर ६२.

मूल रडतंय, झटका येण्याची भीती आहे, तर आग्रह धरू नका. भूल दिल्यावर लावा, पण शेजारी ‘ऑक्सिजनवर घेतलेला’ असं ठळक लिहा. आयसीयूतून व्हेंटिलेटरवर आलेल्या बाळाचंही तेच. कोणत्या परिस्थितीत घेतला हे लिहिलं असेल तर उशिरा घेतलेला आकडाही कामाला येतो.

किती यायला हवा? गुलाबी मुलात ६० ते ८० च्या दरम्यान, निळ्या मुलात बहुतेक ४० ते ६०. निळ्या मुलाचा ५२ बघून घाबरू नका आणि गुलाबी मुलाचा ५२ बघून गप्प बसू नका. सॅच्युरेशन आणि मेंदूचा आकडा यांतला फरक साधारण २० ते ३० चा असतो. तो ४० कडे सरकू लागला तर हृदयातून पुरेसं रक्त निघत नसावं.

मग धोक्याची रेघ काढा. बेसलाइनपेक्षा २० टक्के खाली ही सगळीकडे चालणारी रेघ आहे, आणि इथे निम्मे लोक चुकतात. बेसलाइन ६० असेल तर रेघ ४० नाही. ६० चे २० टक्के म्हणजे १२, म्हणून रेघ ४८. बेसलाइन ७० असेल तर ५६. हा हिशोब डोक्यात न ठेवता पट्टीच्या केबलवरच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहून टाका. गुलाबी मुलात याशिवाय ५० ही वेगळी रेघ धरा. निळ्या मुलात ती उपयोगाची नाही, तिथे आपली २० टक्क्यांचीच.

> तपासा: पुढे काही कारणाने पट्टी काढून पुन्हा लावली, तर जुनी बेसलाइन संपली. नवी वेळ आणि नवा आकडा लिहा.

८. भूल दिल्यापासून पंपापर्यंत

ऑक्सिजन वाढला की आकडा वर जातो. ही सुधारणा नाही, बेसलाइन बदलू नका.

नळी टाकल्यावर फुगा जोरजोरात दाबायची सवय असते. मुलाला पटापट श्वास दिले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि निर्स पडतो. सॅच्युरेशन मात्र झकास दिसत राहतं. अशा वेळी कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) बघा आणि हात हळू करा. मी पाहिलेल्या पडलेल्या आकड्यांमध्ये सगळ्यात स्वस्तात सुटणारं कारण हेच.

एकच जवनिका (रक्त बाहेर ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा) असलेल्या बाळात उलटी फसगत होते. सॅच्युरेशन ८० वरून ९५ झालं म्हणून सगळे खूश, आणि कंबरेचा आकडा हळूहळू ढासळतोय. जास्त ऑक्सिजनने फुप्फुसाच्या वाहिन्या सैल पडल्या, रक्त तिकडे धावलं आणि शरीराला कमी पडलं. अशा बाळात सॅच्युरेशन ७५ ते ८५ मध्ये ठेवणं हेच बहुतेक वेळा लक्ष्य असतं. कंबर पडतेय असं दिसलं की भूलतज्ज्ञाला दोन्ही आकडे एकत्र सांगा.

९. पंपावर: आकडा पडला तर कोणत्या क्रमाने बघायचं

पंप सुरू होताना आकडा थोडा उतरतो, कारण मशीनमधल्या द्रवाने रक्त पातळ होतं. थंड करू लागले की चढतो, मेंदूची गरज घटते. परत गरम करताना पुन्हा उतरतो, आणि हा तास सगळ्यात जपायचा. एवढी चाल माहीत असेल तर उगाच आरडाओरडा होत नाही.

माझी एक चूक इथे सांगतो. दीड वर्षाचं मूल, पंपावर जाऊन चार मिनिटं झाली होती. दोन्ही बाजूंचे आकडे ५८ वरून ३९ वर आले. पंपाचा प्रवाह बरोबर, दाब बरोबर, रक्तातला ऑक्सिजन बरोबर. मी ठरवलं, पट्टी सैल झाली असणार. पडद्याखाली हात घालून पट्टी दाबत बसलो, केबल बदलली, दुसरं पाकीट मागवलं. तोवर वरिष्ठ भूलतज्ज्ञांनी नुसता पडदा उचलला आणि चेहऱ्याकडे बोट दाखवलं. पापण्या सुजल्या होत्या, ओठ जांभळे, मानेतल्या लाइनवरचा शिरेचा दाब वर गेलेला. वरच्या महाशिरेतली कॅन्युला (पंपाला जोडलेली नळी) अडली होती, डोक्यातलं रक्त खाली उतरतच नव्हतं. सर्जनने ती दोन सेंटिमीटर मागे घेतली आणि पाऊण मिनिटात आकडा पन्नाशी ओलांडून गेला.

तेव्हापासून माझा क्रम असा आहे. पट्टीसाठी दहा सेकंद, त्याहून एक सेकंदही जास्त नाही: जोडणी बसली आहे का, कव्हर आहे का, सर्जन या क्षणी कॉटरी (विजेने कापणारं-जाळणारं हत्यार) वापरतायत का. मग लगेच चेहरा आणि मान. डोकं एका बाजूला वळलंय का, पापण्या सुजल्यात का, शिरेचा दाब किती. एकाच बाजूचा आकडा पडला असेल तर संशय सरळ कॅन्युलावर किंवा डोक्याच्या स्थितीवर. महाधमनीची कॅन्युला खोल जाऊन एकाच फांदीत बसलेली असू शकते. कमानीच्या शस्त्रक्रियेत फक्त उजव्या बाजूने मेंदूला रक्त देत असतील आणि डावा आकडा घसरला, तर मेंदूच्या तळाची दोन्ही बाजू जोडणारी वाहिन्यांची साखळी त्या मुलात अपुरी आहे असा अर्थ निघू शकतो. हे सर्जनला त्याच मिनिटाला कळायला हवं.

दोन्ही बाजू पडल्या आणि चेहरा ठीक आहे, तर मोठ्याने क्रमाने विचारा: पंपाचा प्रवाह किती? दाब किती? धमनीतला ऑक्सिजन? कार्बन डायऑक्साइड? हिमॅटोक्रिट? तापमान? आणि शेवटी, भूल हलकी झालीय का? विचारायला लाजू नका. परफ्युजनिस्टला हे प्रश्न ऐकायची सवय असते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मिनिटभर थांबा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर आकडा कशाने सुधारला ते कळत नाही आणि अर्ध्या तासाने तोच प्रश्न पुन्हा येतो.

शरीर १८-२० अंशांपर्यंत थंड करून रक्तप्रवाह पूर्ण थांबवतात, तेव्हा आकडा हळूहळू उतरत जातो. तो किती वाजता सुरू झाला आणि कुठे येऊन सपाट झाला हे लिहा. सपाट झाला याचा अर्थ मेंदू सावरला असा नाही. काढून घेण्यासारखं फारसं उरलं नाही, असा आहे. वेळ मोठ्याने सांगत राहा.

> सावध: आकडा चांगला आहे म्हणून मेंदूला काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही. पट्टी कपाळामागचा लहानसा तुकडा बघते. हवेचा बुडबुडा मागच्या भागात गेला तर तिला पत्ताही लागत नाही.

१०. पंपावरून उतरताना आणि आयसीयूपर्यंत

हृदय सुरू झालं, लाट परत आली, की पल्स ऑक्सिमीटर पुन्हा कामाला. हात-पाय अजून गार असतात, आकडा यायला वेळ लागतो, तोवर कानाची पाळी चालते. निळ्या मुलाची पूर्ण दुरुस्ती झाली असेल तर आजपासून त्याचं सॅच्युरेशन नव्वदीत असायला हवं आणि निर्सचीही अपेक्षा बदलते. जुनी ५३ ची बेसलाइन दाखवून “बरोबर आहे” असं म्हणू नका.

छाती बंद करताना दोन मिनिटं स्क्रीनवरच डोळे ठेवा. सुजलेलं हृदय दाबलं जातं आणि पहिला पडतो तो कंबरेचा आकडा.

पट्ट्या ओटीत काढू नका. ट्रॉलीवर तशाच आयसीयूत न्या आणि कागद हातोहात द्या. आयसीयूच्या सिस्टरला तीन आकडे तोंडी सांगा: सकाळची बेसलाइन, पंपावरचा सगळ्यात खालचा आणि किती मिनिटं, आत्ताचा. पुढच्या रात्रीत कंबरेचा आकडा उतरतोय, लघवी कमी होतेय आणि लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात वाढणारं आम्ल) चढतंय, असं तिन्ही एका दिशेने दिसलं तर तिने सकाळच्या राउंडची वाट पाहू नये.

आयसीयूत दर शिफ्टला पट्टीची एक कड उचलून खालची कातडी बघायची. काढताना ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेला बोळा कडेला धरा, गोंद सुटू द्या आणि कातडी एका बोटाने दाबून पट्टी हळू उलटवा. कपाळावर लालसर चौकोन राहतो, बहुतेक मुलांत काही तासांत जातो. फोड किंवा सोललेली कातडी दिसली तर फाइलमध्ये लिहा. आणि आई भेटायला येण्याआधी तिला त्या चौकोनाबद्दल सांगून ठेवा, नाहीतर आत मुलाला चटका दिला असंच ती समजते.